समोरच्याचं वाक्य ऐकणारा माणूस

गेल्या अंकात मी चित्रपट-मालिकांमधल्या विनोदी चरित्र अभिनेत्यांवर लिहिलं होतं. नायिकेचा बाप, खाष्ट घरमालक, बहिरा काका, सतत घाबरलेला हवालदार अशी माणसं साकारणाऱ्या नटांवर. त्यावर आलेल्या पत्रांतली सात इथे घेतली आहेत. काही थोडी आखडती केली आहेत आणि ज्यांनी नाव छापू नका म्हटलं त्यांच्यासाठी सगळ्यांचीच नावं गाळली आहेत.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी संकलक. १९८९ साली सहायक म्हणून टेबलावर बसले तेव्हा फिल्म हातात धरून कापायची आणि टेपने जोडायची. मग मालिका आल्या, मग कॉम्प्युटर आला. त्यामुळे या नटांना मी सेटवर कमी आणि रशेसमध्ये, म्हणजे न कापलेल्या कच्च्या चित्रणात, जास्त पाहिलंय. 'ॲक्शन' म्हणायच्या आधीचे आणि 'कट' म्हटल्यानंतरचे त्यांचे चेहरेही पाहिलेत. उत्तरं त्याच खुर्चीतून देतेय.

*

प्रश्न : वय २४. कॉलेजात एकांकिका केल्या, मिमिक्री करतो, मित्र हसून लोळतात. चेहरा हिरोचा नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. चित्रपट-मालिकांत विनोदी भूमिका करायच्यात. आधी काय शिकू?

उत्तर : ऐकायला शिका.

मिमिक्री येते ही चांगलीच गोष्ट आहे, कान तयार असल्याची ती खूण. पण मिमिक्री करताना माणूस एकटा उभा असतो. चरित्र अभिनेत्याला तशी मुभा नाही. त्याला प्रसंगात बोलावलेलं असतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी गोष्टीसाठी. नायकाला लग्न करायचंय म्हणून बाप आहे, नायकाला खोली हवी आहे म्हणून घरमालक आहे. तुमच्या वाट्याला येणारी वाक्यं थोडी आणि समोरच्याची ऐकायची वाक्यं पुष्कळ. तुमचं काम त्या ऐकण्यात आहे.

'प्यार किये जा' हा १९६६चा चित्रपट काढून बघा. त्यात सिनेमाचं वेड डोक्यात गेलेला मेहमूद आपल्या वडिलांना, म्हणजे ओमप्रकाशना, एका भयपटाची गोष्ट ऐकवतो. आवाज काढून, हातवारे करून, खुर्चीभोवती फिरून. प्रसंग सगळ्यांना आठवतो तो मेहमूदमुळे. आता तुम्ही असं करा : दोघं एका चौकटीत असतील तिथे पडद्यावर मेहमूदच्या जागी हात धरा आणि एकट्या ओमप्रकाशना बघा. आधी 'कारट्याचं काहीतरी चाललंय' असा चेहरा, मग थोडं कुतूहल, मग आपण घाबरलोय हे मुलाला कळू नये म्हणून धडपड आणि शेवटी ती धडपडही सुटते. त्यांना बोलायला जवळपास काही नाही. ते घाबरले नसते तर मेहमूदची गोष्ट म्हणजे नुसता आरडाओरडा झाला असता.

'प्यार किये जा'चे दिग्दर्शक श्रीधर. त्यांनीच दोन वर्षं आधी, १९६४ला, ही गोष्ट तमिळमध्ये केली होती. तिथे सांगणारा नागेश आणि ऐकणारे टी. एस. बालय्या. आणि याच कथेवर महेश कोठारेंनी १९८५ला 'धूमधडाका' केला, तेव्हा सिनेमावेड्या मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे आले आणि बापाच्या जागी शरद तळवलकर. तीन भाषांत हा मुलगा गाजला. तिन्ही दिग्दर्शकीय निवडींत बापाच्या खुर्चीवर मात्र मुरलेला, अनुभवी नट बसवलेला आहे. ते उगाच नाही.

टेबलावर बसून मला जे दिसतं ते सांगते. कच्चा नट समोरच्याचं ऐकत नसतो, स्वतःच्या वाक्याची वाट बघत असतो. ते लपत नाही. समोरचा बोलतोय आणि याने बोलायचा श्वास आधीच घेऊन ठेवलेला असतो, छाती वर आलेली असते. अशा नटाचा क्लोज-अप मला वापरताच येत नाही. मग मी काय करते? दुसऱ्यावर कट करते. त्याला वाटतं, आपली रिॲक्शन कुणीतरी मुद्दाम उडवली.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नव्वदच्या दशकातली एक मालिका. घरातली सगळी टेबलाभोवती बसलीत आणि थोरला मुलगा सांगतो की राहतं घर विकलंय. काकांच्या भूमिकेतले नट बशीत चहा ओतून घेतायत. स्क्रिप्टमध्ये त्यांना एकही वाक्य नव्हतं. 'काका चहा पितात' एवढंच. त्यांनी बशी ओठांपर्यंत नेली. 'विकलं' हा शब्द आला आणि बशी तिथेच थांबली. चहा कडेपर्यंत आला, सांडला नाही. दोन क्षण तसेच. मग त्यांनी तो बशीतला चहा अगदी जपून, थेंबही न सांडता, परत कपात ओतला.

मी एकटीच बसले होते, मोठ्याने हसले आणि लगेच घशाशी काहीतरी आलं. घर गेलं म्हटल्यावर त्या म्हाताऱ्याचा हात आपोआप काटकसर करायला लागला होता. तो प्रसंग तीन बाजूंनी घेतला होता, सगळे मिळून सहा टेक. सहाही टेकमध्ये बशी 'वि' या अक्षरावर थांबलेली. मागेपुढे नाही. त्यामुळे कुठल्याही कोनातून कुठल्याही कोनात मी बिनधास्त जाऊ शकले. याला म्हणतात समोरच्याचं वाक्य ऐकणं. बाकीच्यांनी तो शब्द सहा वेळा ऐकला आणि सहाव्या वेळी कंटाळले. हे सहाही वेळा पहिल्यांदाच ऐकत होते.

तुम्ही रंगमंचावरून येताय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. नाटकात हशा आला की तुम्ही थांबता, हशा ओसरला की पुढचं वाक्य टाकता. कॅमेऱ्यासमोर तो हशा नसतो. सेटवर शंभर माणसं असतात आणि सगळी तोंड दाबून गप्प. नवखा नट त्या शांततेने बिथरतो आणि आवाज चढवतो. चढवू नका. हशाची जागा आम्ही ठेवतो. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, आपल्याकडच्या टीव्हीत २५. अर्ध्या सेकंदाच्या थांब्याला बारा फ्रेम लागतात आणि त्यातल्या दोन इकडे-तिकडे झाल्या तरी प्रसंग पडतो, हा माझा रोजचा अनुभव आहे. थिएटरात तीनशे माणसं एकदम हसली की पुढचं वाक्य बुडतं, म्हणून तिथे आम्ही कुणाचा तरी नुसता चेहरा ठेवतो. तो चेहरा बहुतेक वेळा तुमच्यासारख्याचाच असतो. तेव्हा वाक्य संपल्यावर चेहरा सोडू नका. 'कट' ऐकू येईपर्यंत त्याच माणसाच्या अंगात राहा. माझे कितीतरी प्रसंग अशा वाक्यानंतरच्या दीड सेकंदाने वाचवलेत.

*

प्रश्न : सतीश शाह गेले तेव्हा घरात सगळ्यांना वाईट वाटलं. पण मुलीने विचारलं, 'त्यांचा सिनेमा कोणता?' तर एकही नाव चटकन सांगता येईना. असं का व्हावं?

उत्तर : कारण 'त्यांचा' असा सिनेमा नसतोच. चरित्र अभिनेत्याची कारकीर्द एका जागी सापडत नाही. ती दुसऱ्यांच्या चित्रपटांत विखुरलेली असते. तुम्हाला नाव आठवलं नाही म्हणून अपराधी वाटून घेऊ नका, पण मुलीला बसवून थोडं दाखवा मात्र. कुठून सुरुवात करायची ते सांगते.

सतीश शाह पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. १९७८च्या सुमारास छोट्या कामांनी सुरुवात झाली आणि १९८३ला कुंदन शाह यांचा 'जाने भी दो यारों' आला. त्यात ते भ्रष्ट महापालिका आयुक्त डिमेलो. मध्यावरच डिमेलो मरतो आणि तिथून पुढे सतीश शाहांचं खरं काम सुरू होतं, कारण उरलेल्या चित्रपटभर त्यांना प्रेत व्हायचं होतं. त्या प्रेताला ओढतात, बसवतात, चाकांवर पळवतात, महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून साडी नेसवून उभं करतात. लोक म्हणतात, प्रेताला काय अभिनय? अहो, आजूबाजूला सगळे जीव तोडून विनोद करत असताना पापणी न हलवता, पण अंग कुणी जसं वळवेल तसं वळू देत राहायचं, हे करून पाहा. देह सैल हवा आणि चेहरा बंद. ताठ झालात तर पुतळा दिसाल, चेहराही सैल पडला तर झोपलेला माणूस. ते या दोन्हींच्या मधे नेमके राहिले. हा चित्रपट रेणू सलुजांनी संकलित केला आहे. आम्हा बायकांना या खुर्चीत बसायचं धाडस ज्यांच्यामुळे आलं त्या रेणू सलुजा. द्रौपदीचा तो प्रसंग मी शिकाऊ असताना कितीदा पाहिला असेल, मोजदाद नाही.

पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर 'ये जो है जिंदगी' आली. लेखन शरद जोशींचं. त्यात सतीश शाह जवळजवळ दर भागात नव्याच माणसाच्या रूपात यायचे. कधी पाहुणा, कधी साहेब, बोली वेगळी, चाल वेगळी. ठरावीक पात्र घेऊन बसले असते तर घराघरांत एका नावाने ओळखले गेले असते. तसं झालं नाही, आणि मला वाटतं त्यांच्यातल्या नटाचं त्यात भलंच झालं.

नंतर त्यांच्या वाट्याला छोटी-छोटी कामं येत गेली. 'हम आपके हैं कौन'मधले डॉक्टर, 'दिलवाले दुल्हनिया'तला नियोजित वराचा बाप, 'मैं हूँ ना'मधला बोलताना थुंकी उडवणारा प्राध्यापक. आपल्या मराठीतही ते 'गंमत जंमत'मध्ये होते. आणि २००४ला 'साराभाई वर्सेस साराभाई' या मालिकेतला इंद्रवदन. घरी असेल तर मुलीला हीच मालिका आधी दाखवा. इंद्रवदन सतत बोलतो, टोमणे मारतो, तरी मी बघते ते त्यांचं ऐकणं. धाकटा मुलगा रोसेश आपली कविता वाचायला उभा राहतो तेव्हा बापाच्या चेहऱ्याकडे बघा. आधी येणाऱ्या संकटाची चाहूल, मग यातना, आणि त्या सगळ्याखाली पोराबद्दलची माया. ती माया त्यांनी एकदाही सोडली नाही. म्हणून तो बाप दुष्ट वाटत नाही. ती मालिका पहिल्यांदा लागली तेव्हा फार मोठी गाजली नव्हती, लोकांनी तिला नंतर शोधून काढलं.

२५ ऑक्टोबर २०२५ला ते गेले. चौऱ्याहत्तर वर्षांचे होते.

*

प्रश्न : माझे मिस्टर अकरा वर्षं मालिकांत काम करतात. दर वेळी तोच वेंधळा शेजारी. वाण्याकडे गेलं तरी लोक त्यांच्याकडे बघून त्या पात्रासारखं बोलतात. हल्ली ते घरी फार गप्प असतात. मी त्यांना काय सांगू?

उत्तर : ताई, त्यांचं गप्प होणं मला समजतं. ही माणसं घरी विनोद करत असतील असं लोकांना वाटतं. दिवसाचे बारा तास तीच वेंधळी चाल चालून आलेल्या माणसाला घरी शांतता हवी असते, एवढंच असेल तर काळजी नको. पण तेवढंच नसेल, झोप उडाली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर कामाचा विषय बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांकडे जा.

आता कामाचं. एका पात्रात अडकणं हे या धंद्यातलं जुनंच दुखणं आहे. बाळ कर्वे यांना 'चिमणराव'मधल्या गुंड्याभाऊने इतकं व्यापलं की पुढे कित्येक वर्षं, इतकी नाटकं केल्यावरही, लोकांनी त्यांना गुंड्याभाऊच म्हटलं. पण ते रंगमंच धरून राहिले. लक्ष्मीकांत बेर्ड्यांनी हसवण्याच्या अगदी ऐन भरात असताना १९९२ला जब्बार पटेलांचा 'एक होता विदूषक' केला. ज्यांनी त्यांना फक्त लक्ष्या म्हणून पाहिलंय त्यांनी तो पाहायलाच हवा. उत्पल दत्तांचं उलटं. बंगाली रंगभूमीवरचा एवढा मोठा, धगधगता माणूस, १९६९च्या 'भुवन शोम'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतलेला, आणि दहा वर्षांनी 'गोलमाल'मध्ये मिशांवरून माणसाची पारख करणारा भवानीशंकर. त्यांनी भवानीशंकरला हलकं काम समजून केलंय असं एका तरी शॉटमध्ये वाटतं का? भवानीशंकरची मिशांवरची श्रद्धा खरी आहे म्हणून आपण हसतो.

मिस्टरांना माझ्यातर्फे एवढं सांगा की वेंधळेपणाला कारण असतं. एक माणूस वेंधळा असतो कारण त्याला कमी ऐकू येतं आणि ते कबूल करायचं नाही. दुसरा असतो कारण घरी आजारी बायको आहे आणि लक्ष तिकडे लागलंय. लेखकाने कारण दिलं नसेल तर ते स्वतः ठरवायचं, कुणाला सांगायचंही नाही. चाल तीच राहील, माणूस बदलेल. बघणाऱ्याला ते नेमकं सांगता येत नाही, पण जाणवतं. आणि जमेल तेव्हा एखादं नाटक, अगदी प्रायोगिक, बिनपैशाचं असलं तरी, धरायला सांगा. मालिकेची दारं ज्या ओळखीने उघडली त्याच ओळखीने दुसऱ्या प्रकारचं काम क्वचितच येतं. ते बाहेरून यावं लागतं.

एक गोष्ट मनावर दगड ठेवून सांगते. या कामात माणसाला न सांगता काढतात. बशीतला चहा कपात ओतणारे ते काका आठवतात ना? त्याच मालिकेत एके दिवशी माझ्याकडे नव्या भागाचं स्क्रिप्ट आलं, त्यात सुनेला एक वाक्य होतं की काका गावी गेलेत. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. पुढच्या आठवड्याच्या तारखा विचारायला त्यांनी फोन केला तेव्हा समजलं. तीन वर्षांचं पात्र एका वाक्यात गावी गेलं. ते रागावले नाहीत, मी मात्र अजून रागावलेली आहे.

*

प्रश्न : मी वजनाने जास्त आहे आणि मला अभिनय येतो, हे दोन्ही खरं. पण ऑडिशनला बोलावतात ते फक्त 'जाडी मैत्रीण' म्हणून. ती खाते, पडते, खुर्ची मोडते. नाही म्हटलं तर कामच नाही. घ्यावं का?

उत्तर : तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण यात माझाही हात आहे.

उमादेवी नावाच्या गायिका होत्या. १९४७च्या 'दर्द'मध्ये नौशादांच्या संगीतात त्यांनी 'अफसाना लिख रही हूँ' गायलं, ते आजही ऐकलं जातं. १९५०च्या 'बाबुल'पासून त्या पडद्यावर आल्या आणि त्यांना नाव पडलं टुनटुन. पुढची कितीतरी वर्षं हिंदी चित्रपटात त्या दारातून आल्या की लोक हसायला तयारच. इतका गोड गळा असलेली बाई, पण पडद्याने त्यांच्याकडे मागितलं फक्त शरीर. तरी नीट बघा, त्या लाजतात ते मनापासून, चिडतात ते मनापासून. जे दिलं नव्हतं ते त्या स्वतःच आणत होत्या.

आता माझं. एका विनोदी मालिकेत तुमच्यासारखी एक गुणी मुलगी सोफ्यावर बसते असा शॉट होता. निर्मात्याच्या सांगण्यावरून मी तिच्या बसण्यावर 'धप्प' असा आवाज टाकला. बसल्यावर तिने काय केलं होतं? पदर सारखा करून, मान जरा तिरकी करून, समोरच्या मुलाने आपल्याकडे पाहिलं का ते चोरून बघितलं होतं. सुंदर होतं ते. त्या 'धप्प'नंतर कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही. पंचवीस फ्रेमचं तिचं काम मी एका आवाजाने पुसलं. पुढे असे आवाज टाकायला मी नकार द्यायला लागले, त्यापायी काही कामं गेली, पण तिचा तो शॉट काही मला परत जोडता आला नाही.

म्हणून सांगते, भूमिका आली की विचारा, 'हिला काय हवंय?' उत्तरात खाण्यापलीकडे काही असेल तर घ्या. काहीच नसेल आणि घरभाडं थकलं असेल, तर तेव्हाही घ्या, नकार द्यायची चैन सगळ्यांना परवडत नाही. पण मग तिला काहीतरी हवंसं तुम्ही द्या. 'खिचडी'तली सुप्रिया पाठकांची हंसा आठवा. तिला कशाचाच अर्थ ठाऊक नसतो, पण ती विचारते ते अगदी मनापासून, आणि सांगितलेलं पटलं की तिला होणारा आनंद खरा असतो. हसू तिच्या डोक्यातून येतं, अंगावरून नाही. 'गंगूबाई'तल्या निर्मिती सावंतही तशाच. गंगूबाईला जगाला चार गोष्टी ऐकवायच्या असतात आणि तिचा स्वतःवर पूर्ण विश्वास असतो.

आणि खुर्ची मोडायचीच असेल, तर मोडल्यावर तिला कसं वाटलं तेही करा. कुणीतरी संकलक ते ठेवेल.

*

प्रश्न : यात पोट भरतं का? खरं सांगा.

उत्तर : काहींचं भरतं, बऱ्याच जणांचं ओढाताणीने. मालिकेत चरित्र अभिनेत्याला बहुतेक वेळा दिवसाच्या हिशोबाने मानधन असतं. महिन्यात किती दिवस लागतील याची हमी करारात लिहून घ्या, ते तोंडी ठेवू नका. पैसे साधारण नव्वद दिवसांनी मिळतात. म्हणजे आज काम सुरू केलं तर पहिले तीन महिने प्रवास, जेवणखाण, भाडं सगळं पदरचं. मालिका मधेच बंद पडली तर मागची थकबाकी निघायला कधी कधी वर्ष जातं. कामाचे दिवस आणि तास तुमच्या स्वतःच्या वहीत रोजच्या रोज टिपून ठेवा, भांडायची वेळ आली तर तीच कामी येते.

नोकरी असेल तर घाईने सोडू नका. अशोक सराफ नाटक करत होते तेव्हा स्टेट बँकेत होते. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत होते. ती नोकरी होती म्हणून त्यांना वाईट कामाला नाही म्हणता आलं असेल, असं मला नेहमी वाटतं.

*

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. विनोदी नटाला पुरस्कार देताना नेहमी दुय्यम का मानतात?

उत्तर : सर, पूर्वी निदान वेगळा तरी देत. फिल्मफेअरने विनोदी भूमिकेसाठीचा पुरस्कार सुरू केला आणि १९६७ला तो पहिल्यांदा मिळाला मेहमूदना, वर सांगितलेल्या 'प्यार किये जा'साठीच. उत्पल दत्तांना 'गोलमाल'साठी तोच मिळाला. २००७नंतर तो बंद झाला. अलीकडे अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण आणि २०२५ला पद्मश्री मिळाली, त्याचा मला घरच्यासारखा आनंद झाला. पण तुम्ही विचारलंत म्हणून मनातलं बोलते : १९६७ला तो पुरस्कार दोघांत वाटायला हवा होता. सांगणाऱ्याला मिळाला, ऐकणारा तसाच राहिला.

*

प्रश्न : वडील साधारण १९८० ते २००० या काळात मराठी चित्रपटांत आणि दूरदर्शनच्या नाटिकांत छोटी विनोदी कामं करायचे. ते गेल्या वर्षी गेले. आमच्याकडे त्यांची एकही चित्रफीत नाही. माझ्या मुलाला आजोबा पडद्यावर दाखवायचेत. कुठे शोधू?

उत्तर : दूरदर्शनचं आधी सांगते, कारण तिथे आशा कमी ठेवा. त्या काळी टेप महाग असायची आणि एकदा कार्यक्रम लागला की तिच्यावरच दुसरा कार्यक्रम घेतला जाई. पुष्कळ काही असंच पुसलं गेलं. तरी नाटिकेचं नाव आणि अंदाजे वर्ष घालून मुंबई केंद्राला पत्र लिहा, काही गोष्टी वाचल्याही आहेत.

चित्रपटांचं जास्त बरं आहे. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४पासूनचं. तिथे प्रिंट आणि कागदपत्रं जपलेली असतात, चौकशी करता येते. निर्मात्यांच्या कुटुंबीयांकडे कधी कधी जुनी कॅसेट असते. आणि अनेक जुने मराठी चित्रपट आता इंटरनेटवर चढवलेले आहेत. श्रेयनामावलीत वडिलांचं नाव दिसलं नाही म्हणून पुढे जाऊ नका. लहान भूमिकांची नावं बऱ्याचदा गाळली जात किंवा चुकीची पडत.

शोधताना वडील बोलतात तेवढाच प्रसंग बघू नका. लग्नाचे, पंचायतीचे, चाळीतल्या भांडणाचे प्रसंग बघा. छोट्या भूमिकेतल्या नटाला दिवसभर थांबवून घेतलेलं असतं, मग त्याला गर्दीतही उभं करतात. चौकटीच्या कडा बघा.

चहाच्या बशीवाले काका वारले त्यानंतर त्यांचा मुलगा माझ्याकडे आला होता. ती मालिका आता कुठे मिळत नाही. पण त्या प्रसंगाच्या कच्च्या जोडणीची एक व्हीएचएस मी कपाटात ठेवली होती. त्यात शेवटच्या टेकनंतर दिग्दर्शकाचा 'कट' ऐकू येतो आणि कॅमेरा बंद व्हायला थोडा उशीर होतो. काका कपाकडे बघतात, चहा पार थंड झालेला असणार. तरी ते तो उचलून पिऊन टाकतात आणि कप न्यायला आलेल्या पोराला काहीतरी म्हणतात. काय ते ऐकू येत नाही, पोरगा हसतो. चार सेकंद असतील. मुलाने ते चार सेकंद तीन वेळा लावायला सांगितले आणि म्हणाला, बाबा घरी असेच दिसायचे.

तुम्ही असं करा. आईला, काकांना विचारून चित्रपटांची आठवतील ती नावं लिहून मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवा, वर्ष चुकलं तरी चालेल. मी बसून बघते. वडिलांचा त्या काळातला एक फोटो सोबत जोडा, शक्यतो बाजूने काढलेला. गर्दीत माणूस समोरून फार कमी वेळा दिसतो.